कानातले खडे

क्लीथॉर्प्सचा समुद्र नेहमीसारखाच घरी नव्हता.
मैलभर नुसता चिखल, चिखलावर सीगल,
आणि अलीकडे, बंद व्हायला एक आठवडा उरलेला पार्क,
ऑक्टोबरातला, तळलेल्या बटाट्यांच्या वासाचा.

"एकट्याच?" कीरननं विचारलं.
छातीवर नावाची पट्टी. तशी माझ्याही असते,
सोमवार ते शुक्रवार, ग्रिम्झबीच्या हॉस्पिटलात.
त्यानं आम्हा चौघांना वाण्याच्या नजरेनं जोखलं
आणि मला एका जाडजूड बापाशेजारी बसवलं.
समोर त्याची मुलगी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी समोर,
आणि आइसलॉलीनं जीभ निळी झालेला कुणाचा तरी पोरगा.
"वजन एकीकडे कललं ना, की छान फिरतं," म्हणाला,
आणि दांडा मांड्यांवर आणला.

मी भोवळीची माणसं तपासते. एकोणीस वर्षं.
खोली फिरते, की तुम्ही फिरता?
ती सांगतात, मी चौकोनात खूण करते.
फॉर्मवर चौकोन दोनच.
आईकडे मात्र चक्कर वेगळी, घेरी वेगळी,
भोवळ आली तर बसायचं,
अंधारी आली तर गुळाचा खडा.
मला यातलं कधीच काही आलेलं नाही.

गेल्या मंगळवारी वॉल्टर स्टॅमर्स आले होते.
बावीस वर्षं ट्रॉलरवर, उत्तरेच्या पाण्यात, एकदाही ओकले नाहीत,
आणि आता पलंगावर डावीकडे कूस बदलली
की छत हातातून सुटतं.
मी पाठ केलेलं सांगितलं:
कानात बारीक खडे असतात, सगळ्यांच्याच,
जागचे हलले की असं होतं,
मान अशी वळवू, मग अशी, जातील परत घरी.
त्यांनी टेबलाची कड पकडली, बोटं पांढरी.
"तुला माहितेय का पोरी, कसं असतं ते?"
हो, मी म्हटलं. अर्थात.

साखळी चढवत नेते तोवर सगळं शहाण्यासारखं.
खालची गाढवं दिसतात, गोदीचा मनोरा, पवनचक्क्या.
पहिलं वळण. दुसरं.
मग खाली कुठे तरी खिट्टी सुटते
आणि मनोरा चिखल गाढवं मनोरा बाप आभाळ
निळी जीभ पवनचक्की आभाळ पुन्हा जीभ
चिखल माझ्या डोक्यावर की मी

आणि त्या मुलीनं हात पुढे केले.
दांडा धरायला असतील. मी धरले.

बार्शीला, शाळेच्या मागच्या मैदानात,
शैला पाटसकर फुगडी घालायची, टाचा जमिनीत रुतवून,
मागे, अजून मागे झुकत.
पोरी ओरडायच्या, वेण्या आडव्या उडायच्या.
मी सगळ्यांच्या चपला सांभाळायची.
फेऱ्या मोजायची. तेव्हाही मोजतच होते.

इथं मोजायला काही नव्हतं.
आठ वर्षांची परकी मुलगी मला मागे ओढत होती,
मी तिला,
आणि दोघींच्या मधे जे काही होतं
तेवढंच फक्त फिरत नव्हतं.

गाडी थांबली. मी थांबले नाही.
बापानं माझी पर्स हातात दिली, मुलगी म्हणाली, पुन्हा.
फाटक उघडंच होतं, मी शेजारच्या कठड्यातून जायला बघत होते.

तिथंच लक्षात आलं, एक कुडी गेली.
मोत्यांची, मधे लाल खडा, आईनं मोडून करून दिलेली.
कीरननं गाड्या थांबवल्या. टॉर्च घेऊन वाकला रुळांखाली,
रांगेतली माणसं न कुरकुरता उभी.
"कुठल्या कानातली?" त्यानं खालून विचारलं.
"डाव्या? उजव्या?
मग कुठे पडली असेल ते कळेल."

सांगता येईना.
गेट तरंगत होतं, कीरन तरंगत होता,
मी दोन्ही हातांनी दोन्ही कान धरून उभी राहिले.
इथं कुणालाही वाटलं नाही
की मी पुन्हा न बसण्याची शपथ घेतेय.

मला तरी कुठे वाटत होतं.